बंदूक कशासाठी?

विलायतेतील पोलीस शिपाई कमरेला पिस्तूल न लावता गस्त घालतो, ही गोष्ट आपल्याकडील सुशिक्षितांच्या कानांवर शाळेच्या वयापासून पडलेली असते. त्यावरून त्या देशात सामान्य नागरिकाजवळही बंदूक नसते, अशी एक समजूत रूढ झाली आहे. अमेरिकेतील एखाद्या शाळेत गोळीबार होऊन कोवळ्या मुलांचे बळी गेल्याची वार्ता आली की, ‘ब्रिटनने बंदुका बंद केल्या आणि प्रश्न मिटविला’ हे वाक्य व्यासपीठांवरून व वृत्तपत्रांतून हटकून ऐकू येते. हे वाक्य सद्धेतूने उच्चारले जाते यात शंका नाही. परंतु ते अर्धसत्य आहे आणि अर्धसत्यावर उभारलेले धोरण फार काळ टिकत नाही. म्हणून ब्रिटिश नागरिकाच्या घरात बंदूक आहे काय, असल्यास ती कशासाठी आहे आणि ‘कशासाठी’ या प्रश्नाचे उत्तर तेथे कसे बदलत गेले, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. एकट्या इंग्लंड व वेल्समध्ये आजही सुमारे पाच लाख लोकांजवळ छऱ्याच्या बंदुकीचा दाखला आहे, तर रायफल व तत्सम शस्त्रांचा दाखला असणाऱ्यांची संख्या दीड लाखाच्या आसपास आहे. पुष्कळांजवळ हे दोन्ही दाखले असतात. केवळ छऱ्याच्या बंदुकाच मोजल्या तरी त्यांचा आकडा तेरा लाखांच्या घरात जातो. म्हणजे ब्रिटन हा निःशस्त्र नागरिकांचा देश नव्हे. असे असूनही मार्च २०२३ अखेरच्या वर्षात इंग्लंड व वेल्समध्ये गोळी झाडून झालेल्या खुनांची संख्या तिसाच्या आसपास होती. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात असे वीस हजारांहून अधिक खून झाले. अमेरिकेची लोकसंख्या इंग्लंड-वेल्सच्या पाच-सहा पट आहे हे जमेस धरले, तरी हे अंतर बुद्धीला थक्क करणारे आहे. बंदुकांचा अभाव हे त्याचे कारण म्हणून सांगता येत नाही. मग कारण कोणते?

आमच्या मते त्याचे उत्तर बंदुकीच्या संख्येइतकेच ती बाळगण्याच्या हेतूत आहे. ब्रिटिश शेतकऱ्याला बंदूक लागते ती पिकावर तुटून पडणारे ससे व रानकबुतरे आणि कोकरे पळविणारा कोल्हा यांच्या बंदोबस्तासाठी. त्या बेटावरील लांडगा कित्येक शतकांपूर्वीच नामशेष झाला. त्यामुळे हरणांना निसर्गात शत्रू उरला नाही, त्यांची संख्या वीस लाखांच्या घरात असल्याचा अंदाज केला जातो आणि कोवळ्या झाडांचे रक्षण करावयाचे तर रायफलवाल्या माणसालाच लांडग्याचे काम करावे लागते. दरवर्षी १२ ऑगस्ट उजाडला की स्कॉटलंडच्या व उत्तर इंग्लंडच्या माळरानांवर ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. ही हौस श्रीमंतांची असली, तरी हाकारे घालणारे, शिकारी कुत्री सांभाळणारे व माळांची राखण करणारे अशा अनेकांची चूल तिच्यावर पेटते. शिवाय मातीच्या थाळ्या हवेत उडवून त्यांवर नेम धरणारे हौशी लोक गावोगाव आहेत.

नेमबाजीची परंपरा तर तेथे फारच जुनी आहे. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन चाल करून येईल, या धास्तीने १८५९ च्या सुमारास इंग्लंडात स्वयंसेवक पथके उभी राहिली आणि त्यांचा नेम सुधारावा म्हणून त्याच वर्षी नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. याच नावाच्या अमेरिकन संस्थेहून ती बारा वर्षांनी वडील आहे. १८६० साली विंबल्डन येथे तिच्या पहिल्या मेळाव्यात राणी व्हिक्टोरियाने स्वतः पहिली गोळी झाडली. १८९० पासून हे केंद्र सरे परगण्यातील बिस्ले येथे आहे. मॅंचेस्टरच्या २००२ च्या राष्ट्रकुल सामन्यांतील नेमबाजी याच बिस्लेच्या मैदानावर झाली आणि तेथे आपल्या मुंबईच्या अंजली भागवत यांनी चार सुवर्णपदके मिळविली, हे मराठी वाचक विसरले नसतील.

शेत, वन, शिकार आणि खेळ ही ब्रिटनमधील बंदुकीची कारणे होत. ‘रात्री चोर आला तर?’ हे कारण या यादीत नाही. अमेरिकन माणूस ज्या कारणासाठी प्रथम पिस्तूल घेतो, ते कारण ब्रिटनमधील पोलीस कचेरी ऐकूनच घेत नाही. परंतु हे नेहमीच असे होते, असे मात्र कोणी समजू नये.

सतराव्या शतकातील इंग्लंडात बंदूक ही प्रथम इभ्रतीची वस्तू होती. १६७१ च्या शिकार कायद्याने, ज्याला जमिनीचे वर्षाकाठी शंभर पौंड उत्पन्न नाही, अशा माणसाला शिकारीची बंदूक बाळगण्यास मनाई केली होती. पुढे दुसऱ्या जेम्सची गादी गेल्यावर १६८९ च्या हक्कांच्या सनदेत प्रॉटेस्टंट प्रजाजनांना आपल्या दर्जानुसार व कायद्याने मुभा दिल्याप्रमाणे स्वसंरक्षणार्थ शस्त्रे बाळगण्याचा हक्क मान्य करण्यात आला. अठराव्या शतकात ब्लॅकस्टन या विख्यात कायदेपंडिताने इंग्रजाच्या हक्कांची जी मांडणी केली, तीतही या हक्काला स्थान आहे. तथापि ‘दर्जानुसार’ आणि ‘कायद्याने मुभा दिल्याप्रमाणे’ या दोन अटी त्या हक्कातच पेरलेल्या होत्या. अमेरिकेने आपल्या घटनेत हा हक्क दगडावर कोरून ठेवला, इंग्लंडात तो पार्लमेंटच्या हाती राहिला. दोन्ही देशांच्या वाटा जेथे फुटल्या ती जागा हीच.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज सरकारला आपल्या घरच्या प्रजेच्या बंदुकीचे भय वाटत नव्हते. १८७० च्या कायद्याने घराबाहेर बंदूक नेण्यास परवाना लागू लागला खरा, पण पोस्ट कचेरीत दहा शिलिंग भरले की तो मिळे. कारण विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कायद्याचा हेतू महसूल हा होता. आणि यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, १८७८ साली, याच सरकारच्या लॉर्ड लिटन या व्हाइसरॉयने हिंदुस्थानात हत्यारांचा कायदा आणला. त्यात युरोपियनांना सूट होती आणि या देशाच्या पुत्रांना शस्त्रबंदी होती. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव झाले ते केवळ बंदुकांच्या हौसेपायी नव्हेत. लंडनच्या कारकुनावर जो विश्वास सरकार टाकते, तो पुण्याच्या पदवीधरावर टाकीत नाही, हा अपमान त्यांना सलत होता.

या दुटप्पीपणाचा विचित्र परिणाम १९०९ साली दिसून आला. ज्या मदनलाल धिंग्रांना स्वदेशात शस्त्र जवळ बाळगणे दुरापास्त होते, त्यांनी लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवरील नेमबाजीच्या दालनात राजरोस सराव केला आणि १ जुलै रोजी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत लंडनच्या टॉटनहॅम भागात दोन परदेशी दरोडेखोरांनी कामगारांच्या पगाराची रक्कम लुटून पोलिसांवर गोळीबार केला, तेव्हा पाठलाग करणाऱ्या पोलिसांना रस्त्यावरील नागरिकांनी आपल्या खिशातील पिस्तुले काढून दिली. आज हे कथानक कादंबरीतले वाटेल. पण त्या काळी सभ्य इंग्रजाच्या खिशात पिस्तूल असणे कोणालाही वावगे वाटत नव्हते.

ही स्थिती पालटली ती १९२० च्या कायद्याने. पहिले महायुद्ध संपून लक्षावधी सैनिक घरी परतले होते, रशियात क्रांती झाली होती, आयर्लंड पेटले होते आणि इंग्लंडच्या खाणींत व गिरण्यांत संपांचे वारे वाहत होते. पार्लमेंटमध्ये गुन्हेगारांचे नाव पुढे करण्यात आले, परंतु मंत्रिमंडळाला खरी धास्ती स्वतःच्याच कामकरी वर्गाची होती, हे त्या काळच्या कागदपत्रांवरून दिसते. पिस्तूल व रायफल यांसाठी पोलीसप्रमुखाचा दाखला आवश्यक ठरला आणि तो मागणाऱ्याने सयुक्तिक कारण दाखवावे, अशी अट आली. हक्काच्या जागी कारण आले ते असे. ज्या कायद्याचे आज जगभर कौतुक होते, त्याचा जन्म राज्यकर्त्यांच्या भीतीतून झाला, हे सत्य लपविण्यात अर्थ नाही.

सयुक्तिक कारण कशास म्हणावयाचे? आरंभी एकाकी घरात राहणाऱ्या माणसाचे आत्मरक्षण हे कारण चालत असे. परंतु १९४६ साली गृहमंत्री चटर ईड यांनी पार्लमेंटमध्ये स्पष्ट केले की, स्वतःच्या जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी रिव्हॉल्व्हर हवे, एवढ्या सबबीवर दाखला मिळालाच पाहिजे असे आपण मानीत नाही. पुढील दोन दशकांत हे धोरण पक्के झाले. या बदलासाठी कोणी मोर्चा काढला नाही वा सनद फाडली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्या इंग्लंडात नागरिकाने आपल्या रक्षणाचा भार मुकाट्याने राज्यसंस्थेच्या खांद्यावर ठेवला. हा एक अलिखित करार होता. ‘भयापोटी शस्त्र बाळगण्याचे मी सोडतो, भयाचे निवारण तू कर’, हा त्याचा मथितार्थ.

छऱ्याची बंदूक या बंधनातून बराच काळ मोकळी होती. १९६६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात तीन पोलिसांची हत्या झाली. ती पिस्तुलांनी झाली होती, तरी कायद्याचा हात पडला तो छऱ्याच्या बंदुकीवर. पुढच्या वर्षीच्या कायद्याने तिलाही दाखला लागू झाला. १९ ऑगस्ट १९८७ रोजी हंगरफर्ड येथे एका इसमाने सोळा माणसे ठार केली. त्यानंतर अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डन्ब्लेन या लहानशा गावी प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत शिरून एका नराधमाने पाच-सहा वर्षांची सोळा मुले व त्यांची शिक्षिका यांना गोळ्या घातल्या. पिस्तूलबंदी मागणाऱ्या अर्जावर सात लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. १९९७ साली आधी हुजूर पक्षाच्या सरकारने मोठ्या पिस्तुलांवर आणि निवडणुकीनंतर मजूर पक्षाच्या सरकारने उरलेल्या लहान पिस्तुलांवरही बंदी घातली. सुमारे एक लाख बासष्ट हजार पिस्तुले त्यांच्या मालकांनी भरपाई घेऊन पोलिसांच्या स्वाधीन केली.

या कायद्यांविरुद्ध नेमबाजांची तक्रार आहे आणि ती कानांआड टाकण्याजोगी नाही. ‘एका माथेफिरूचे पाप आम्हा हजारो निरपराधांच्या माथी मारले’, असे ते म्हणतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तूल नेमबाजी घेण्यासाठी यजमान देशाला स्वतःच्याच कायद्याला खास सवलत द्यावी लागली, हा विरोधाभास ते दाखवितात. बंदीनंतरची काही वर्षे शस्त्रास्त्रांचे गुन्हे कमी न होता वाढतच गेले आणि २००४ च्या सुमारास त्यांना उतार पडला, हेही खरे आहे. चोरबाजारातले पिस्तूल दाखला मागत नाही, ही उघड गोष्ट आहे. परंतु डन्ब्लेनचे पिस्तूल चोरबाजारातले नव्हते. ते रीतसर दाखल्याचे होते. हंगरफर्डची शस्त्रेही दाखल्याची होती. चोराच्या पिस्तुलाचा बंदोबस्त पोलिसांनी करावयाचा असतो. सरकारने स्वतःच्या सहीशिक्क्याने दिलेल्या पिस्तुलाचा जाब मात्र सरकारलाच द्यावा लागतो. डन्ब्लेननंतर ब्रिटनमधील एकाही शाळेवर तसा प्रसंग ओढवलेला नाही. या फळाच्या बदल्यात एका खेळाने सोसलेली हानी आम्हांला सह्य वाटते.

दुसरी तक्रार याहून अवघड आहे. १९९९ साली नॉर्फोक परगण्यातील एका एकाकी वाड्यात राहणाऱ्या शेतकऱ्याने रात्री घरफोडीस आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला बिनदाखल्याच्या बंदुकीने ठार केले. २००० साली त्याला खुनाबद्दल शिक्षा झाली, पुढच्याच वर्षी अपिलात तो गुन्हा सदोष मनुष्यवधाचा ठरला. ‘वारंवार चोऱ्या होऊनही पोलीस फिरकत नाहीत, मग आम्ही करावयाचे काय?’ हा ग्रामीण इंग्लंडचा प्रश्न त्या खटल्याने वेशीवर टांगला. पळणाऱ्या मुलाच्या पाठीत गोळी घालणे याला आत्मरक्षण म्हणता येणार नाही, हे न्यायालयाचे मत योग्यच होते. तथापि प्रश्न तेवढ्याने संपत नाही. ज्या करारान्वये नागरिकाने आत्मरक्षणाचे कारण सोडून दिले, त्या करारातील आपली बाजू सरकार पाळते काय, असा तो प्रश्न आहे.

या कराराचे मर्म उत्तर आयर्लंडकडे पाहिले की कळते. तेथील शस्त्रकायदा वेगळा आहे. बंदीनंतरही तेथे पिस्तूल बाळगता येते आणि ज्यांच्या जिवाला खराखुरा धोका आहे, अशांना आत्मरक्षणासाठी पिस्तुलाचा दाखला आजही दिला जातो. एकाच राजमुकुटाखाली, एकाच पार्लमेंटच्या छत्राखाली हा फरक का? तर जेथे कित्येक दशके शेजाऱ्याचा शेजाऱ्यावरील व प्रजेचा शासनावरील विश्वास उडालेला होता, तेथे तो करार होऊच शकला नाही. भयाचे कारण कायद्यातून खोडण्यापूर्वी ते भय समाजातून जावे लागते. नुसत्या लेखणीच्या फटकाऱ्याने हे साधत नाही.

आणि जेथे करार झाला आहे, तेथेही तो रोजच्या दक्षतेवर जगतो. ब्रिटनमधील दाखला पाच वर्षांचा असतो. बंदूक पोलादी कपाटात कुलूपबंद ठेवावी लागते, अर्जदाराच्या घरी पोलीस येऊन पाहून जातात, त्याच्या प्रकृतीविषयी डॉक्टरकडून माहिती घेतली जाते, आणि रायफलच्या दाखल्यावर तर जवळ किती काडतुसे ठेवावयाची हेही नमूद असते. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. परंतु डन्ब्लेनच्या मारेकऱ्याजवळील शस्त्रे काढून घ्यावीत, अशी शिफारस एका पोलीस अधिकाऱ्याने १९९१ सालीच लेखी केली होती. ती वरिष्ठांच्या दप्तरात पडून राहिली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत हे उघड झाले. त्याला पंचवीस वर्षे झाल्यावर, १२ ऑगस्ट २०२१ रोजी, प्लिमथच्या कीहॅम भागात एका तरुणाने तीन वर्षांच्या बालिकेसह पाच जणांना ठार केले. मारहाणीच्या प्रकरणावरून त्याची बंदूक व दाखला पोलिसांनी काढून घेतला होता आणि घटनेपूर्वी महिनाभरच दोन्ही त्याला परत केले होते. २०२३ च्या फेब्रुवारीत मृत्युचौकशीच्या ज्यूरीने पोलिसांच्या गंभीर चुकांवर ठपका ठेवला. दाखल्याची फी खर्चही भागू नये इतकी अपुरी होती, ती २०२५ साली दुपटीहून अधिक करण्यात आली. बैल गेला नि झोपा केला, असा हा प्रकार प्रत्येक खेपेस घडला आहे. कायदा कडक होता, पण कचेरीतला माणूस ढिला पडला, आणि त्याची किंमत दरवेळी ज्यांचा काही अपराध नाही अशांनीच मोजली.

ब्रिटनच्या उदाहरणातून आम्ही हा बोध घेतो. त्या देशाने बंदूक नाहीशी केली नाही, बंदुकीमागचे भय नाहीसे करण्याचा प्रयत्न केला. नांगर वा कुऱ्हाड जशी कामापुरती जवळ ठेवावी, तशी तेथील शेतकऱ्याने बंदूक ठेवली. आपल्या देशातही १९५९ चा शस्त्रकायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाजवळील शस्त्रांची मर्यादा दोनवर आणली आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यांना शिक्षेची तरतूद केली. ही तरतूद करण्याची पाळी यावी, यातच आपल्याकडे कित्येकांची बंदूक कोणत्या हेतूने घरात येते याचे उत्तर आहे. ती येते ती भयापोटी, नाही तर मिरविण्यासाठी. १८७८ च्या अपमानाचा राग रास्त होता. पण स्वराज्यात मिळालेला परवाना दिवाणखान्यात टांगून त्या अपमानाची भरपाई होत नाही.

तेव्हा परवाना मागणाऱ्याला ‘कशासाठी?’ हा प्रश्न सरकारने अवश्य विचारावा, कसून विचारावा. परंतु ‘मला भीती वाटते’ असे उत्तर जेथे खरेपणाने येते, तेथे तो अर्ज नामंजूर करून सरकारचे काम संपत नाही. त्या माणसाच्या गल्लीत रात्री दिवा लागतो काय, त्याच्या हाकेला पोलीस धावतात काय आणि त्याची फिर्याद लिहून घेतली जाते काय, हे पाहण्याचे काम त्या क्षणापासून सुरू होते. नागरिकाच्या हातून शस्त्र घेणारे सरकार त्याचे ऋणकरी होते. हे ऋण रोजच्या रोज फेडणारे शासन जेथे असेल, तेथेच शस्त्रकायदा लोकांना जाचक न वाटता आपला वाटेल.